वर जाणाऱ्यांची मास्तरीण

करंजमाळला खोली बघायला गेले, त्या दिवशी नलूताईंनी खोलीचं दार उघडण्याआधी मला तीन गोष्टी सांगितल्या. नळाला पाणी सकाळी तासभरच येतं. मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची आणि मग ओढायची. आणि पलीकडच्या ओटीवर सहज म्हणून जायचं नाही. एवढं सांगून त्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता गाव विचारतील, जात विचारतील. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"मी काय सांगितलं ते."

मी शाळेत शिकवणारी बाई. पोरांना रोज हेच विचारणारी. पण मलाच कुणी असं विचारल्यावर मी पाणी सांगितलं, कडी सांगितली आणि अडखळले.

"पलीकडची ओटी," नलूताई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "तीच महत्त्वाची होती."

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की दोन-तीन वळणांनंतर डाव्या हाताला एक कच्चा रस्ता वर चढतो. करंजमाळ त्याच्या टोकाला. वीसेक उंबरे, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. माणसं मुंबईला, घरी म्हातारी मंडळी, म्हशी आणि शेळ्या. जिल्हा परिषदेच्या तिथल्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. मी वाईची. घाट चढून पलीकडे उतरलं की माझं गाव, म्हणजे नकाशावर अगदी जवळ. पण घाटाच्या या बाजूला मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि राहण्याजोगी खोली एकच होती.

नलूताई उतेकर तेव्हा साठीच्या आसपास होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, केस अगदी बारीक कापलेले. अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि पायात जाड तळव्याचे बूट, चिखल असो नसो. वाडीच्या एका पोरीने चुलत्याकडे मुंबईला राहून शिकावं, इंजिनिअर व्हावं, शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीला जावं, इथपर्यंत वाडीला सगळं समजत होतं. पुढचं समजत नव्हतं. अंतराळस्थानकावर राहायला जाणाऱ्या देशोदेशीच्या लोकांना तयार करण्याचं काम त्यांनी तिथे पंचवीस वर्षं केलं होतं. स्थानकाची हुबेहूब प्रतिकृती जमिनीवर उभी केलेली असे. आत चार-सहा माणसं, बाहेर काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून नलूताई. कधी आत धूर सोडायचा, कधी हवेचा दाब उतरवायचा, कधी दिवे घालवायचे, आणि ही माणसं काय करतात ते बघायचं. त्याहून जास्त, काय बोलतात ते ऐकायचं.

वाडीने त्यांना नाव ठेवलं होतं, वर जाणाऱ्यांची मास्तरीण. आपल्याकडे 'वर जाणं' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या हौसाकाकी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "वर जायला बी शिकवायला लागतं काय गो? आमची मानसं तर न शिकताच जातात." नलूताईंच्या कानावर हे गेलं होतं. त्या त्यावर मनापासून हसायच्या.

एकदा रात्री जेवताना मी विचारलं, "तुमचे विद्यार्थी एवढे हुशार. त्यांना शिकवायला अवघड काय जायचं?"

"हुशार असतात म्हणूनच. यंत्रं चटकन शिकतात. एक वाक्य तेवढं शिकत नाहीत."

"कोणतं?"

"मला कळलं नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एकाच्या देशात तसं म्हणणं कमीपणाचं. दुसऱ्याला वाटतं, सगळ्यांचा वेळ जाईल. तिसरा नुसता हसून मान हलवतो. आणि मान हलवली की बाकीच्यांना वाटतं, कळलं. मग नको तो खटका ओढला जातो."

म्हणून समोरच्याकडून परत सांगून घ्यायची सवय. जीपवाल्याकडून, दुकानदाराकडून, माझ्याकडूनही. आणि स्वतःला कळलं नाही की त्या ते मोठ्याने, काही लाज न वाटता सांगत. एकदा पाण्याच्या योजनेची माहिती द्यायला एक साहेब आले होते. देवळासमोर सगळी वाडी बसली. साहेब छापील भाषेत दहा मिनिटं बोलले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. नलूताई उठून म्हणाल्या, "नाही कळलं." साहेबांनी पुन्हा सांगितलं. "अजून नाही कळलं." चार वेळा असं झालं. चौथ्या वेळी साहेब वैतागून म्हणाले, "अहो बाई, टाकी खालच्या अंगाला बसणार, वरच्या सात घरांना पाणी चढणार नाही, एवढंच!" तेव्हा कुठे वाडीत गलका उठला. टाकी पुढे वरच्या अंगाला बसली. त्या दिवशी हौसाकाकी म्हणाल्या, "येवढी शिकलेली बाय, आन् आपल्यापरीस अडानी व्हऊन बसली." त्यांच्या तोंडची ती मोठीच शाबासकी होती.

घराच्या मधोमध जांभ्या दगडाची एक भिंत होती. जुन्या घराच्या मानाने नवी, वरपर्यंत गेलेली, कुठे दार नाही, झरोका नाही. भिंतीच्या पलीकडे नलूताईंचे थोरले भाऊ राहत. सीतारामदादा. सत्तरीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईला. दोन म्हशी, सात-आठ शेळ्या. बाकी वाडीशी मोकळे, माझ्याशीही. मला ते मास्तरीनबाय म्हणत. पण बहिणीशी ते बोलत नसत. तिचं नावसुद्धा घेत नसत. घ्यायची वेळ आली तर म्हणत, "पलीकडची."

तरीही रोज सकाळी नलूताईंच्या पायरीवर दुधाची किटली ठेवलेली असे. नलूताई दूध काढून घेत, किटली घासून पलीकडच्या पायरीवर नेऊन ठेवत. मी आल्यापासून हे एकदाही चुकलं नव्हतं, आणि त्यात एक शब्दही कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

कारण मला नलूताईंनीच सांगितलं, पहिल्या वर्षाच्या शेवटी. मी विचारलं नव्हतं.

त्यांची आई आजारी होती. सीतारामदादांनी तिला एकट्याने सांभाळलं. शेवटच्या दिवशी म्हातारी नलूला हाक मारायला लागली. तेव्हा वाडीत मोबाईलची रेंज नव्हती, वरच्या टेकाडावर जावं लागे. दादा सकाळपासून टेकाडावर जाऊन फोन लावत राहिले. खाली यायचं, आईला पाणी पाजायचं, परत वर चढायचं. तिकडे जर्मनीत नलूताईंचा फोन एका कपाटात बंद होता. त्या दिवशी आठ तासांची तालीम होती, खोट्या स्थानकात खोटी आग लागलेली, आणि तालीम चालू असताना कुणीही बाहेर यायचं नाही, कुणाचाही निरोप आत जायचा नाही, असा नियम होता.

"नियम कुणाचा?" मी विचारलं.

"माझाच. एकदा मध्येच कुणाला तरी फोन आला म्हणून तालीम थांबवली होती. पुढच्या खेपेला बघते तर सगळे निवांत. संकट थांबवता येतं, असं शिकले होते ना ते. मग मीच नियम घातला. सगळ्यांनी पाळला."

संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल पडलेले होते. त्या पोचल्या चौथ्या दिवशी. दादा ओटीवर डोकं भादरून बसले होते. त्यांनी बहिणीकडे एकदा बघितलं आणि उठून गोठ्यात गेले.

चार वर्षांनी निवृत्त झाल्यावर नलूताईंनी भावाला पत्र लिहिलं, मी कायमची घरी येते आहे. उत्तर आलं नाही. त्या आल्या तेव्हा घराच्या मधोमध ती भिंत उभी होती. वाटणी मात्र चोख केलेली. माजघराची मोठी खोली आणि पुढची अर्धी ओटी बहिणीच्या बाजूला.

"मग इथे का राहिलात?" मी विचारलं. "मुंबईत, पुण्यात कुठेही राहता आलं असतं."

"इथे निदान त्याचं खोकणं ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

भिंतीला लागून माझी खोली होती. रोज रात्री दोन्हीकडचं मलाही ऐकू येई. इकडे भांडं ठेवल्याचा आवाज, तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज. दोघंही एकेकटी जेवत आणि एकाच सुमाराला जेवत.

नलूताईंनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. तालमीत दोन माणसांनी बोलणं टाकलं तर समजूत घालत बसायचं नाही, अशी त्यांची पद्धत होती. दोघांना मिळून एक काम द्यायचं, जे एकट्याच्या हातांनी होणारच नाही. काळोखात दार बसवायचं, एकाला दिसणार नाही, दुसऱ्याचा हात पोचणार नाही. झक मारत बोलावं लागतं. एका वर्षी वादळवाऱ्यात ओटीवरचा पत्रा उडाला, नेमका मधला, दोन्ही बाजूंना पसरलेला. नलूताई शिडी लावून, हातात हातोडा घेऊन उभ्या राहिल्या. पत्रा धरायला दुसरं माणूस हवंच होतं. दादांनी बघितलं, चप्पल घातली, दीड तास चालून खालच्या वाडीतून एका माणसाला घेऊन आले. त्या माणसाने पत्रा धरला, दादांनी ठोकला. नलूताई शिडी धरून उभ्या राहिल्या.

हे सांगताना त्या हसल्या होत्या. "फसला प्रयोग. शिडी धरल्याचे आभारसुद्धा मानले नाहीत."

कामाबद्दल बोलायला लागल्या की त्या तासभर बोलत. पण एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. स्वतः वर जाण्यासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला होता. दुसऱ्या खेपेला बऱ्याच पुढेही गेल्या होत्या. मग डाव्या कानात डॉक्टरांना काहीतरी सापडलं. त्यानंतर त्यांनी तो विषय बंद केला आणि दुसऱ्यांना तयार करत राहिल्या. दोन-अडीच वर्षं एक गट रोज समोर. त्यांच्या बायका-मुलांची नावं पाठ, कोण कशाने चिडतो ते पाठ. मग तो दिवस येई आणि ते जात.

"ते गेले की आम्ही ती प्रतिकृती झाडून घ्यायचो," नलूताई म्हणाल्या. "कपाटांवरच्या त्यांच्या नावाच्या पट्ट्या काढायच्या. पुढच्यांसाठी. मग वरून एक फोटो यायचा, सगळे हसताना. खाली एक ओळ, सगळ्या शिक्षकांचे आभार."

मी तिथे दुसरी दिवाळी बघत होते, तेव्हा नलूताईंना जुन्या ओळखीतून एक काम आलं. पुढे कधीतरी स्थानकावर जाऊ शकतील अशा चार उमेदवारांचा गट आठ दिवस डोंगरात राहणार होता. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघायला असे गट कधी गुहेत ठेवतात, कधी समुद्राखाली. नलूताईंनी करंजमाळच्या वरची ओस पडलेली वाडी सुचवली. परवानग्यांसाठी महाडला चार खेपा घातल्या. सगळं जमलं, फक्त वाटाड्या मिळेना. त्या बाजूच्या कड्यांची, झऱ्यांची खडान्‌खडा माहिती असलेला एकच माणूस होता.

"तुम्ही विचारून बघा," नलूताई मला म्हणाल्या. "माझं नाव घेऊ नका. पण खोटंही बोलू नका."

मी पलीकडच्या ओटीवर गेले. दादा शेळीच्या पायातला काटा काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी काटा उपसून बाजूला टाकला. मग म्हणाले, "परदेशातली पोरं?"

"हो. चार जण. एक जपानची, एक इटलीचा, एक कॅनडाचा आणि एक आपली केरळची मुलगी."

"त्यांना काय ठावं, कुठं पाय टाकावा. मरतील डोंगरात." शेळीचा पाय त्यांनी खाली सोडला. "येतो मी. पन पलीकडचीला सांगा, मला सांगायला यायचं नाय."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला गेले नाही. शाळेच्या खोलीत एक टेबल, त्यावर वॉकीटॉकी, एक घड्याळ आणि पाच-पाच मिनिटांचं वेळापत्रक. आम्ही दोघी म्हणजे जमिनीवरचं केंद्र. वरून कुणी बोललं की ते इथे परत म्हणून दाखवायचं, मग त्याने "बरोबर" म्हणायचं, मगच पुढचं. दादांनाही एक वॉकीटॉकी दिलेला होता. पहिल्या दिवशी त्यात त्यांचा आवाज आला.

"मास्तरीनबाय हायत का?"

यंत्र नलूताईंच्या हातात होतं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"आहे दादा, बोला."

"झऱ्याला पानी हाय. पोरं पोचली."

नलूताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "झऱ्याला पाणी आहे, सगळे पोचले." मी ते यंत्रात म्हटलं. तिकडून आवाज आला, "व्हय, बरोबर." सगळे दिवस हे असंच चाललं. दादा मला सांगत, नलूताई माझ्या कानाशी परत म्हणत, मी दादांना ऐकवत असे.

पाचव्या दिवशी वरून काहीच येईना. इटलीचा आणि कॅनडाचा, दोघांचं बिनसलं होतं. पाण्याचा कॅन कुणी उपडा केला यावरून सुरुवात झाली होती म्हणे. दुपारी दादांचा आवाज आला, चिडलेला. "मास्तरीनबाय, हे दोघं एकमेकांशी बोलत नाय सकाळपासून. एक म्होरं चालतो, एक मागं ऱ्हातो. कड्याच्या वाटंवर असं चालत नाय. मी बसलोय हितंच. बोलल्याशिवाय उठनार नाय म्हनून सांगा त्यांना."

मी नलूताईंकडे बघितलं. त्या परत म्हणायला विसरल्या होत्या. टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी ती सरळ रेषेत ठेवली, मग आणखी सरळ केली. शेवटी मीच ते वाक्य यंत्रात परत म्हटलं आणि दोघा पोरांना इंग्रजीत सांगितलं. अर्ध्या तासाने ते चालायला लागले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी वर गेलो. ओस वाडीतल्या एका जोत्यावर चौघं बसली होती. उन्हं डोंगरामागे गेली होती, पण उजेड होता. दादा बाजूला चुलीशी चहा करत होते. रोज संध्याकाळी या गटाची एक बैठक व्हायची. प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची. कुणी उत्तर द्यायचं नाही, धीर द्यायचा नाही. एकाने फक्त ती परत म्हणून दाखवायची, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की ऐकली गेली. चौघांचं झालं. इटलीच्या मुलाने पाण्याच्या कॅनचं सांगितलं. मग हारुका, ती जपानची मुलगी, म्हणाली, "दादा आठ दिवस आमच्याबरोबर होते. नियम सगळ्यांसाठी आहे ना?"

नलूताई माझ्याकडे वळल्या. "त्यांना सांगा, त्यांच्यावर सक्ती नाही."

मी दादांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. नियम काय आहे आणि सक्ती नाही हेसुद्धा. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिथेच उकिडवे बसून, आमच्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

"माजी चूक सांगतो. आय आजारी व्हती माजी. दोन दिस आधीपास्नं ती नलूला हाक मारत व्हती. दोन दिस. मी म्हटलं, कशाला फोन करू? तिला कुठं यायचंय. येवढी मोठी झालीय ती. राग व्हता माज्या मनात. म्हनून गेलो नाय टेकाडावर. तिसऱ्या दिशी आयनं डोळे फिरवले, तेवा धावत गेलो. मग उचलला नाय तिनं. मी सगळ्यांना सांगितलं, तिनं फोन उचलला नाय. दोन दिस आधीचं कुनाला सांगितलं नाय." ते थांबले. "झालं."

जोत्यावर कुणाला काहीच कळलं नव्हतं. चौघं नलूताईंकडे बघत होते. भाषांतर करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात नलूताईंनी हात वर करून मला थांबवलं. त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि भावाच्या समोर, जमिनीवर बसल्या.

"आई दोन दिवस आधीपासून मला हाक मारत होती," त्या म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द. "तू रागात होतास, म्हणून फोन केला नाहीस. तिसऱ्या दिवशी केलास, तो मी उचलला नाही. मी उचलला नाही एवढंच तू लोकांना सांगितलंस, आधीच्या दोन दिवसांचं सांगितलं नाहीस. बरोबर?"

नऊ वर्षांत त्या भावाशी पहिल्यांदा बोलत होत्या. दादांनी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

"बरोबर."

मग नलूताईंनी मान वळवून तेच सगळं इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, कुठे मऊ केला नाही. केरळच्या मुलीने तोंडावर हात धरला. नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. शिक्षकाने आपली चूक सांगायची पद्धत त्या बैठकीत नव्हती. पण नलूताई पुन्हा भावाकडे वळल्या.

"माझी चूक. आई जाणार हे मला ठाऊक होतं. महिनाभर आधी तू पत्रात लिहिलं होतंस. तरी मी फोन कपाटात ठेवला. नियम माझा होता, मला मोडता आला असता. मला मोडायचा नव्हता. आत आग विझत नव्हती आणि मला बघायचं होतं, ही मुलं काय करतात."

आता दादांनी ते परत म्हणायला हवं होतं. आम्ही वाट बघत राहिलो. चहा उतू गेला. दादांनी फडक्याने टोप उतरवला.

"ऐकलं," ते म्हणाले आणि कप आणायला उठले.

ती मुलं गेली. पोलादपूरला गाडीत बसताना हारुकाने दादांना वाकून नमस्कार केला, दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवस दोन्ही बाजू गप्पच होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी किटली पायरीवर ठेवताना दादांचा आवाज आला, "म्हस आटत चाललीय. उद्यापास्नं दूध कमी येईल." आतून नलूताई म्हणाल्या, "बरं." त्यांनी ते परत म्हणून दाखवलं नाही.

मग असंच चालू झालं. फार नाही. दिवसाला चार-सहा वाक्यं. म्हशीचं, पाण्याचं, मुंबईहून भाच्याचा फोन आल्याचं. भिंत कुणी पाडली नाही, पाडायची गोष्टही निघाली नाही. संध्याकाळी दादा आपल्या ओटीच्या टोकाला बसत, नलूताई आपल्या. मध्ये भिंत असल्याने एकमेकांची तोंडं दिसत नसत. बोलणं समोरच्या अंगणाकडे बघून चाले. पाहुण्याला वाटावं, दोघंही अंगणाशीच बोलतायत.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरला आणि दादांना ताप आला. महाडला दवाखान्यात नेलं. नलूताई पाच दिवस खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होत्या, फोन हातात घेऊन, जरी फोन येण्यासारखं आता कुणी उरलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी दादा गेले.

तेरावं झालं, मुंबईची मंडळी परत गेली. मी शाळेतून आले तर नलूताई पलीकडच्या ओटीवर बसलेल्या. तिथे मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"एक विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आई मला हाक मारत होती, म्हणाला. नुसतं नाव घेत होती, का पुढे काही म्हणत होती? ते त्यालाच ठाऊक. वर्षभर रोज वाटायचं, आज विचारू. मग वाटायचं, आत्ता तर बोलायला लागलाय, कशाला उकरायचं. उद्या विचारू."

मी त्यांच्या शेजारी बसले. गोठ्यात म्हशी पाय आपटत होत्या. पाणी दाखवायची वेळ होऊन गेली होती. थोड्या वेळाने नलूताई उठल्या, बूट काढून ठेवले आणि अनवाणी गोठ्यात गेल्या. म्हशीने त्यांना जवळ येऊ दिलं नाही. त्या बादली घेऊन तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ.

पुढे त्यांना परदेशातून पुन्हा बोलावणं आलं. नवा गट, एक वर्षाचं काम, राहायला घर. मी म्हटलं, जा. इथे काय आहे आता? त्या म्हणाल्या, "गुरांचं कोण करणार?" भाच्याने गुरं विकून टाकायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. धार काढायला हौसाकाकींकडून शिकल्या. तीन महिने लागले. काकी म्हणत, "येवढ्या मानसांना वर चढवलं, आन् एक म्हस ऐकंना."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान आधीच वाईला गेलं होतं. नलूताईंनी मला वाटेत खायला घावनं बांधून दिली आणि वाडीच्या वळणापर्यंत आल्या.

त्यानंतर एकदाच मी त्यांना बघितलं. महाडला एका लग्नाला गेले होते. परतीची एसटी पोलादपूरमधून जाताना गुरांच्या दवाखान्यापाशी थांबली, पुढे एक ट्रक आडवा लागला होता. दवाखान्याच्या आवारात माणसांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात दावं. नलूताई रांगेत होत्या. केस वाढले होते, त्यांचा छोटा अंबाडा घातला होता. बरोबर म्हशीची एक पारडी, पोट फुगलेली. शेजारची एक बाई त्यांना काहीतरी सांगत होती, हातवारे करून, डोळ्यांना पदर लावून, बहुतेक सुनेचं. नलूताई मान खाली घालून, उजवा कान तिच्याकडे करून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं. ती बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

मी खिडकीची काच सरकवली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढं अंतर होतं. पण ती बाई बोलत होती. आणि रांग पुढे सरकली, तशी पारडी अडून बसली. नलूताईंनी वाकून तिच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला उठवायला लागल्या. ट्रक बाजूला झाला. गाडी सुटली तेव्हा त्या अजून वाकलेल्याच होत्या.